१८२२ की १८२८? पंचविसाखाली पन्नास दडलेला अमेरिकन क्वार्टर

नाणेघाट
शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, धागा नाण्यांचा आहे. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही.

गेल्या रविवारी इथे पेनसिल्वेनियात, घरापासून तासाभरावरच्या गावात एका म्हाताऱ्या बाईंच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं. टेबलावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत तुटके ब्रोच, एकेकटी कानातली, गुंता झालेल्या साखळ्या. तळाशी एक काळपट चकती. उचलली तर पाव डॉलर, तोही लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, डोक्यावर टोपी असलेला, म्हणजे १८१५ ते १८२८ मधला मोठ्या आकाराचा. कोणीतरी कधीकाळी त्याला कडी जोडून दागिना केला होता. कडी गेलेली, डाख (जोडायला वितळवलेला धातू) तसाच राहिलेला. भाव ४० डॉलर. अशा खराब झालेल्या नाण्याला तेवढे बरोबर आहेत, म्हणून घासाघीस न करता दिले.

घरी येऊन दिव्याखाली धरलं. एका बाजूला गरुड, त्याच्या खाली '२५ सी.', म्हणजे २५ सेंट, हे मूल्य. दहापट भिंग लावलं आणि पोटात गोळा आला. २ च्या मागून आणखी एक आकडा डोकावतोय. त्याच्या माथ्याची आडवी रेघ २ च्या गोलाईत बसत नाही. शेजारच्या ५ च्या पोटातून एक लंबगोल कड जाते. म्हणजे आधी ५० ठोकलं होतं आणि मग त्यावर २५.

ही चूक प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाव डॉलरची डाय, म्हणजे नाण्यावर चित्र उठवणारा पोलादी ठसा, बनवताना कारागिराने अर्ध्या डॉलरचा आकडा ठोकला, मग लक्षात आल्यावर तो दाबून बुजवला आणि वर २५ ठोकलं. त्या डायने १८२२ मध्ये नाणी पाडली. नंतर ती बाजूला पडली आणि सहा वर्षांनी, १८२८ मध्ये, पुन्हा प्रेसवर चढली! ब्राउनिंग यांनी या मालिकेच्या डाय-जोड्यांना दिलेल्या क्रमांकांत १८२२ची बी-२ आणि १८२८ची बी-३. दोन्ही दुर्मिळ, पण १८२२ची किंमत १८२८च्या कितीतरी पट.

आता माझं दुखणं. डाखाचा गोळा नेमका सालाच्या शेवटच्या आकड्यावर बसलाय. १-८-२ स्वच्छ दिसतं. चौथ्या आकड्याचा फक्त वरचा गोल भाग डाखाच्या वर आहे, आणि २ असो की ८, माथा दोघांचाही गोलच.

वजन डाखासकट ६.६१ ग्रॅम (नवं असताना ६.७४), व्यास २७ मिमी, काठावर उभ्या खाचा आहेत. फोटो खाली दिलेत. कोणी सांगेल का?

शंकासुर
शनिवार, रात्री १०:०५

शीर्षकात क्वार्टर वाचून मोठ्या आशेने आलो होतो. भलताच धागा निघाला.

आता आलोच आहे तर एक बाळबोध प्रश्न. सरकारी टांकसाळीत एवढी ढोबळ चूक होते कशी? ५० आणि २५ यात गोंधळ म्हणजे आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीसारखं झालं.

नाणेघाट
शनिवार, रात्री १०:३१

शंकासुर, हाहा. बाळबोध मुळीच नाही, सगळा छंद त्या 'कशी'वरच उभा आहे.

आजचं नाणं घ्या. एक मूळ नमुना, त्यावरून हजारो डाया, सगळ्या जुळ्या. तेव्हा तसं नव्हतं. लिबर्टीचं डोकं किंवा गरुड यांचा मोठा ठसा तयार असे, तो डायवर दाबत. पण अक्षरं, तारे, आकडे हे एकेक करून हाताने ठोकायचे. छापखान्यात खिळे असायचे ना, तसे पोलादी पंच. 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' लिहायचं तर प्रत्येक अक्षराला वेगळा पंच आणि वेगळा हातोडा. तेरा ताऱ्यांसाठी एक पंच तेरा वेळा. तेही डायवर सगळं उलटं, आरशातल्यासारखं.

त्यामुळे दोन डाया कधीच सारख्या होत नाहीत. एकीत तारा जरा कलतो, दुसरीत 'ए' अक्षर पंखाला खेटतं. डाय तुटली की नवी, आणि छाप्याच्या (डोकं आणि साल असलेल्या बाजूच्या) एका डायबरोबर काट्याच्या (गरुडाच्या बाजूच्या) दोन-तीन डाया फिरत. अशा प्रत्येक जोडीला संग्राहक 'डाय व्हरायटी' म्हणतात. चुका हा त्यातला मसाला, पण बहुतेक व्हरायटी चुकीच्या नाहीतच, फक्त वेगळ्या हस्ताक्षरातल्या आहेत.

तळेगावकर
रविवार, सकाळी ७:१५

मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, पैकी बरीच डाय फिटर म्हणून. नाण्यांतलं काही कळत नाही, पण हे वाचून हात शिवशिवले.

पंच ठोकायचा तर पोलाद मऊ पाहिजे. आकडे, अक्षरं सगळं मऊ असतानाच. मग भट्टीत लाल करून पाणी द्यायचं, म्हणजे हार्डनिंग. त्यानंतर त्यावर पंच मारलात तर पंच तुटेल नाहीतर डाय. तेव्हा तुमच्या माणसाने ५० मारलं आणि पाणी देण्याआधीच त्याच्या किंवा साहेबाच्या लक्षात आलं, असा माझा अंदाज. चुकीचा आकडा हा खड्डा असतो. कडेचा माल ठोकून आत लोटायचा, घासून पॉलिश मारायचं, वर नवा पंच. खड्डा पूर्ण कधीच बुजत नाही. आम्हीही जॉब नंबर चुकला की असंच करायचो, इन्स्पेक्टरला तिरप्या उजेडात दिसायचंच.

डाय फेकून का दिली नाही, हे कोणी विचारणार असेल तर आधीच सांगतो. एका डायमागे किती दिवस जातात ते ज्याने फाइल चालवली आहे त्याला विचारा.

फिलीकर
रविवार, सकाळी ८:५० (इथली शनिवार रात्र)

तळेगावकर काका, नमस्कार. 'पाणी देणे' हा शब्द किती वर्षांनी ऐकला!

तुमच्या अंदाजात थोडी भर. अमेरिकन टांकसाळीचा पहिला मुख्य कोरक्या रॉबर्ट स्कॉट. नेमणूक १७९३ची, जन्म १७४५चा. म्हणजे १८२२ मध्ये म्हातारबुवा सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेलेले, तरी खुर्चीवर. नोव्हेंबर १८२३ मध्ये ते गेले आणि जानेवारी १८२४ मध्ये विल्यम नीस आले. ही डाय स्कॉटच्या काळात चुकली, दुरुस्त झाली, वापरली गेली, आणि दुसऱ्यांदा बाहेर आली ती नीसच्या काळात. मधल्या वर्षांत क्वार्टर निघाले, पण दुसऱ्या डायांनी.

ते ५० त्यांच्याच हातचं होतं की हाताखालच्या कोणाचं, ते नाणं सांगत नाही. उगाच त्यांच्या माथी मारू नये.

नाणेघाट, आता कामाचं बोलू. तुमच्याकडे दोन प्रश्न आहेत, ते वेगळे ठेवा. पहिला : काटा खरंच त्याच डायचा आहे का? दुसरा : छापा कोणत्या सालचा? पहिल्यासाठी १८२२ आणि १८२८ दोन्हींचे लिलावातले चांगले फोटो शोधा. काटा एकाच डायचा असल्यामुळे तुमचं नाणं दोन्हींशी जुळलं पाहिजे. फक्त ५० वर जाऊ नका, झिजलेल्या नाण्यावर डोळे मनातलं वाचतात. अक्षरं पंखांच्या टोकांशी कुठे येतात, रिबनचं टोक कोणत्या अक्षराखाली संपतं, हे बघा. दुसऱ्यासाठी तारे. साल झाकलं गेलं तरी तारे उघडे आहेत ना?

नाणेघाट
रविवार, सकाळी ९:२०

आहेत. डावीकडचे सातही, उजवीकडचे पाच. तेरावा तारा अर्धा डाखाखाली गेलाय. दोन्ही कामं करून कळवतो, नोकरी सांभाळून.

अबोली
रविवार, दुपारी १२:४४

वाचनखूण साठवली. अशा चुकांची आणखी उदाहरणं द्या ना. आणि तेराव्या ताऱ्याचं काहीतरी खास असतं असं कुठेतरी वाचलंय, ते काय?

नाणेघाट
रविवार, रात्री ११:०२

अबोली, बरं झालं विचारलंत, मुलं झोपली आहेत.

तेरावा तारा : टोपीवाल्या लिबर्टीचं हे चित्र जॉन राइख या जर्मनीतून आलेल्या कोरक्याचं. १८०७ पासून १८१७ पर्यंत तो टांकसाळीत होता. त्या काळातल्या नाण्यांवर तेराव्या ताऱ्याच्या एका टोकाला बारीकशी खाच दिसते, उंदराने कुरतडल्यासारखी. ही त्याची गुपचूप सही असं मानतात. दुय्यम हुद्द्यावर होता, नाव घालायची सोय नव्हती. माझं नाणं तो गेल्यानंतरचं, त्यामुळे डाखाखाली खाच सापडायची आशा नाही.

चुका : १८०७च्या अर्ध्या डॉलरवर ५०च्या जागी आधी २० ठोकलं होतं, ते खालून दिसतं. अर्ध्या डॉलरच्या डाय-जोड्यांच्या ओव्हर्टन यादीत क्रमांक ओ-११२. सापडायला फार अवघड नाही, पण हातात घेतलं की हसू येतं.

माझं लाडकं मात्र १८१३चं. अर्ध्या डॉलरच्या काट्यावर 'युनायटेड' हा शब्द डावीकडे खालून सुरू होतो आणि वरून वळसा घेतो. कारागिराने डाय उलटी धरली होती बहुतेक. ज्या जागी मूल्य यायचं तिथेच त्याने 'यू', 'एन', 'आय' ही तीन अक्षरं ठोकली. तिसऱ्या अक्षराला थांबला. डाय फिरवली, तीन अक्षरं बुजवायचा प्रयत्न केला आणि वर '५० सी.' ठोकलं. आज ५०च्या मागे ती तीन अक्षरं डोक्यावर उभी दिसतात. तिसऱ्या अक्षरापाशी तो काय म्हणाला असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

आणि मग राजा : १८१७/४, हाही अर्धा डॉलरच. १८१४ साल घातलेली एक डाय वापराविना पडून होती, तिच्या ४ वर ७ ठोकून १८१७ मध्ये काढली. तळेगावकर काका म्हणतात तसं, मऊ होती म्हणून ते जमलं असणार. पण डायला लवकरच मोठा तडा गेला आणि ती बाद झाली. आज अशी नाणी हातांच्या बोटांपेक्षा एखाददुसरंच जास्त. पुढचं नाणं सापडेल या आशेवर लोक जत्रेतल्या प्रत्येक १८१७ कडे बघतात. मीही.

तळेगावकर
सोमवार, सकाळी ६:५०

तडा गेलेल्या डायने नाणं पाडलं तर तड्याच्या जागी उंचवट्याची रेघ येणार, बरोबर? कारण डायमधली भेग म्हणजे नाण्यावर माल.

फिलीकर
सोमवार, सकाळी ७:३०

अगदी बरोबर. आणि म्हणूनच नाण्यांचा क्रम लावता येतो. बारीक रेघ असलेलं नाणं आधीचं, जाड रेघवालं नंतरचं, तुकडा निखळलेलं सगळ्यात शेवटचं. १८०७च्याच अर्ध्या डॉलरच्या एका व्हरायटीत तडा लिबर्टीच्या हनुवटीजवळून गेला आणि बाईंना दाढी आली. संग्राहक तिला 'दाढीवाली देवी'च म्हणतात.

शिवराई_वेडा
सोमवार, दुपारी १:१८

हे सगळं आमच्या शिवराईसारखंच आहे की. 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' यांच्या लिखाणाच्या किती तऱ्हा! ऱ्हस्व-दीर्घ वेगळं, अक्षरांची मोड वेगळी, ठिपक्यांची रचना वेगळी. पण एक मोठा फरक. आमच्याकडे ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर पूर्ण ठसा कधीच उतरत नाही. चार-पाच शिवराया जमवून मनातल्या मनात ठसा जोडावा लागतो. तुम्ही लोक सुखी आहात, एकाच नाण्यावर अख्खी डाय.

नाणेघाट
सोमवार, दुपारी २:०५

शिवराई_वेडा, माझ्या वडिलांच्या डब्यात अकरा होत्या. भिंगाचं व्यसन तिथूनच लागलं. पण सुखी नाही हो! इथेही चकती भरली तरी दाब अपुरा पडतो. १७९४च्या पहिल्या डॉलरच्या वेळी टांकसाळीचा प्रेस त्या आकाराला लहान होता आणि डाया एकमेकींना समांतर बसल्या नव्हत्या. सगळे डॉलर एकाच डाय-जोडीने पाडले, चालण्याजोगे म्हणून १,७५८ हिशेबात घेतले, आणि त्यांतही बहुतेकांवर डावीकडचे तारे पुसट. झिजले नाहीत, मुळात उठलेच नाहीत.

शंकासुर
सोमवार, रात्री ९:१२

हे सगळं रोचक आहे, मान्य. पण पैशाचं गणित डोक्यात शिरत नाही. बरोबर केलेल्या नाण्याला शंभर डॉलर आणि चुकलेल्याला हजारो? आमच्या साहेबांना हे तत्त्व कळलं तर माझं प्रमोशन पक्कं.

फिलीकर
सोमवार, रात्री १०:३६

शंकासुर, चुकलं म्हणून महाग नाही. किती उरलीत आणि किती जणांना हवीत, या दोनच गोष्टी. त्यातली दुसरी मोठी.

दुर्मिळता मोजायला आर-१ ते आर-८ अशी मोजपट्टी वापरतात. शेल्डन या गृहस्थांनी ती मूळ तांब्याच्या सेंटसाठी केली. आर-१ म्हणजे साडेबाराशेहून जास्त नाणी माहीत असलेली, आर-४ म्हणजे ७६ ते २००, आर-७ म्हणजे ४ ते १२, आर-८ म्हणजे तीन किंवा कमी. आता १७९४चा डॉलर बघा. सव्वाशे-दीडशे तरी शिल्लक आहेत. या पट्टीवर आर-४, फार काही नाही. तरी त्यातलं सर्वोत्तम नाणं २०१३ मध्ये १ कोटी डॉलरच्या वर गेलं, कारण पहिला डॉलर सगळ्यांनाच हवा असतो. उलट अर्ध्या डॉलरच्या काही आर-५ जोड्या अशा आहेत की विकणाऱ्यालाही पत्ता नसतो. साध्याच्या भावात देऊन टाकतो. तारा 'लिबर्टी' शब्दातल्या 'एल' पासून किती दूर, यासाठी जास्त पैसे मोजणारे जगात काहीशे लोक, आणि ते सगळे एकमेकांना ओळखतात.

अर्ध्या डॉलरचीच एवढी चंगळ का, तर १८०४ नंतर १८३६ पर्यंत चलनासाठी डॉलर पाडलेच नाहीत. मोठ्या रकमांसाठी बँका अर्धे डॉलर पोत्यांनी ठेवत, या तिजोरीतून त्या तिजोरीत. लोकांच्या खिशात फारशी गेलीच नाहीत, म्हणून चांगल्या अवस्थेत भरपूर उरली. ओव्हर्टन यांनी १९६७ मध्ये १७९४ ते १८३६ या अर्ध्या डॉलरच्या डाय-जोड्यांना क्रमांक दिले आणि लोकांना वेड लागलं.

अवांतर : सगळ्यात गंमतशीर डाय मला विचाराल तर १८०४च्या डाइमची, म्हणजे दहा सेंटची. तेव्हा डाइमवर मूल्य लिहीतच नसत, अडीच डॉलरच्या सोन्याच्या नाण्यावरही नसे, आणि आकार जवळजवळ सारखा. मग काय, गरुडाची एकच डाय दोघांना! १८०४ मध्ये गरुडावर तेराऐवजी चौदा तारे ठोकलेली एक डाय आहे. ती चांदीच्या डाइमवरही सापडते आणि सोन्याच्या नाण्यावरही. सोनं-चांदी एकाच साच्यातून, किंमत मात्र पंचवीसपट.

गलबत
मंगळवार, सकाळी १०:४९

नाण्यांतलं थोडं आणि जहाजांतलं जास्त कळणारा मी. १८०४च्या डॉलरचा विषय निघेल म्हणून वाट बघत होतो, कारण त्याचा धागा मुंबईला येऊन टेकतो.

१८०४ मध्ये १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे, पण त्यावर साल आधीचं, जुन्या डाया वापरल्यामुळे. पुढे १८३४ मध्ये आशियातल्या राजांना भेट द्यायला नाण्यांचे संच करायचे ठरलं. टांकसाळीने वही उघडली, शेवटचे डॉलर १८०४ चे दिसले, म्हणून नवी डाय करून त्यावर तेच साल घातलं. म्हणजे १८०४चा डॉलर १८०४ मध्ये नव्हताच!

हे संच घेऊन एडमंड रॉबर्ट्स हा अमेरिकन दूत 'पीकॉक' या युद्धनौकेवरून निघाला. सप्टेंबर १८३५ मध्ये ओमानच्या मसिरा बेटाजवळ जहाज खडकाळ उथळात रुतलं. हलकं करायला तोफा समुद्रात टाकल्या, तेव्हा सुटलं. मस्कतच्या सुलतानाला त्याची भेट पोचवून जहाज दुरुस्तीसाठी आलं ते मुंबईच्या गोदीत. सयामच्या राजाची भेट पोचली १८३६च्या एप्रिलमध्ये. म्हणजे मधल्या काळात, आपल्या गोदीत सुतार आणि लोहार जहाजाच्या तळाशी ठोकाठोक करत होते, तेव्हा तो डॉलर त्याच प्रवासाच्या सामानात होता. कोणाला कल्पना असणार! सयामचा संच १९६२ मध्ये लंडनला उजेडात आला.

फिलीकर
मंगळवार, सकाळी ११:३०

गलबत, सुरेख. आणि इथेही शेवटी डायच कामाला येते. त्या भेटींच्या वेळचे आठ डॉलर एका काट्याच्या डायचे. नंतर संग्राहकांसाठी टांकसाळीतल्या मंडळींनी मागच्या दाराने जे काढले ते दुसऱ्या डायचे. 'स्टेट्स' या शब्दातली अक्षरं खालच्या ढगांवर कशी बसतात तेवढं पाहिलं की दोन्ही गट वेगळे. कागदपत्रं काहीही म्हणोत.

अबोली
मंगळवार, दुपारी ३:२७

नाणेघाट, मला एक सुचतंय. आमच्याकडे सराफीचं दुकान होतं, त्यामुळे माझं लक्ष डाखाकडे जातंय.

पुतळ्यांच्या माळेत कडी नेहमी चित्राच्या डोक्यावर येते, नाहीतर पुतळी उलटी लटकेल. तुमच्या नाण्यावर कडी सालापाशी, म्हणजे लिबर्टीच्या पायाशी. घातली तर बाई डोकं खाली करून लोंबकळणार. असं कोण करेल? सोनाराची चूक की काय?

नाणेघाट
मंगळवार, रात्री १०:१४

अबोली, तुम्ही हे लिहिल्यावर मी उठून नाणं हातात घेतलं. चूक नाही! अमेरिकन नाण्याचा छापा आणि काटा एकमेकांना उलटे असतात. छाप्याचा पाय म्हणजे काट्याचं डोकं. ज्याने कोणी हे घातलं त्याला गरुड सरळ दिसायला हवा होता. लिबर्टी अंगाकडे, गरुड बाहेर. म्हणूनच गरुडाखालचं २५ डाखापासून सगळ्यात दूर राहिलं आणि वाचलं. कडी दुसऱ्या टोकाला असती तर मला साल मिळालं असतं आणि आकड्यावरचा आकडा डाखाखाली गेला असता. मग मी हे नाणं उचललंही नसतं.

काट्याचा निकाल : जुळला. १८२२चे दोन आणि १८२८चे तीन फोटो घेतले, लॅपटॉपवर एकावर एक ठेवून अर्धपारदर्शक केले. अक्षरं, पंखांची टोकं, रिबन, बाण, सगळं बसतं. ५० तर आहेच.

हे एवढं का करतोय तेही सांगतो. सहा वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी १७९९चा डॉलर घेतला होता. चेहरा छान, किंमत जरा कमी, मी खूश. आल्यावर वजन केलं तर २४ ग्रॅमही भरेना. खरा २६.९६ चा. काठावर 'हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट' असा मजकूर हवा, तिथे नुसत्या रेघा. पैसे परत मिळाले नाहीत. नंतर तसेच चार डॉलर वेगवेगळ्या ठिकाणी पाहिले आणि चौघांच्या गालावर एकाच जागी एकच ओरखडा. वापरात पडलेला ओरखडा चार नाण्यांवर सारखा कसा येईल? एका खऱ्या नाण्यावरून साचा काढला होता. तेव्हापासून आधी तराजू, मग काठ, मग तारे, आणि आनंद सगळ्यात शेवटी.

शंकासुर
मंगळवार, रात्री १०:२९

डाख वितळवून काढा ना, मिनिटात निकाल.

तळेगावकर
बुधवार, सकाळी ६:४५

अजिबात नको. डाख काढायला उष्णता द्यावी लागेल. चांदीवरचा दोनशे वर्षांचा रंग जाईल, आणि डाख थोडासा चांदीतच मुरलेला असतो, तो आकडा घेऊनच निघेल. ज्याला मोजता येत नाही त्याने खोलून बघावं. आपल्याला मोजता येतंय.

फिलीकर
बुधवार, सकाळी ७:५५

काकांना +१. तारे मोजा. पहिला तारा आणि सालातला १, या दोघांपासून सुरुवात करा.

नाणेघाट
शुक्रवार, रात्री ११:३८

झालं एकदाचं.

पद्धत सांगतो. छाप्याचा फोटो डोक्याच्या बाह्यरेषेवरून जुळवला, कारण डोकं एका मोठ्या ठशाचं, ते कमीजास्त सारखंच येतं. मग तारे आपोआप आपापल्या जागी पडले की नाही ते बघायचं. आधी १८२२चा फोटो ठेवला, कारण मन तिकडेच ओढत होतं. डोकं बसलं, तारे नाही. पहिल्या ताऱ्याची टोकं फिरलेली, दुसरा जरा बाहेर. मी फोटो दोनदा बदलला, तिरका झाला असेल म्हणून थोडा फिरवूनही पाहिला. फिरवला की उजवीकडचे तारे सुटायचे. सालातल्या १ आणि ८ मधलं अंतरही जुळेना.

मग १८२८चा ठेवला. बाराच्या बारा तारे, टोकाला टोक. तेराव्याचा उघडा अर्धा भागसुद्धा. बायको मागून म्हणाली, "काय रे, गेलं का?" म्हटलं, नाही, सापडलं, फक्त स्वस्तातलं सापडलं.

तर १८२८, ब्राउनिंग ३. पाच मिनिटं वाईट वाटलं, खोटं का बोला.

शंकासुर
शनिवार, सकाळी ८:०३

मग आता विकलं तर किती येतील?

नाणेघाट
शनिवार, सकाळी ८:४०

डाख असलेल्याचे साध्या नाण्यापेक्षा नक्कीच जास्त, धड असलेल्यापेक्षा पुष्कळच कमी. ४० च्या वर आहेत एवढं पुरे. विकत नाही.

काल रात्री कागदी चौकटीत घालून स्टेपल केलं. खाली लिहिलं : १८२८, बी-३, २५ खाली ५०, कडीचा डाख. जागा उरली होती म्हणून कंसात आणखी दोन शब्द : गरुड बाहेर.

शिवराई_वेडा, वडिलांच्या त्या अकरा शिवरायांचे फोटो उद्या टाकतो, नवा धागा काढून. दोन एकाच ठशाच्या असाव्यात असा संशय आहे.